लाल खुणेवरचा काटा

१

काटा शून्यावर होता.

त्या घरात याहून जास्त काही घडलं नव्हतं. कुणी मेलं नव्हतं, कुलूप तुटलं नव्हतं, साधी टाचणी हरवली नव्हती. तरीही शिंप्याने भर सकाळी दुकानाचं दार ओढून घेतलं होतं, जेवणाचं ताट न शिवता परत पाठवलं होतं, आणि त्याच्या बायकोने आपल्या धाकट्या भावाला फोन लावला होता. "असशील तसा निघून ये. हे कुणाचंच ऐकत नाहीत."

धाकटा भाऊ म्हणजे फौजदार. पोलिसातून निवृत्त होताना तो त्याहून बऱ्याच वरच्या हुद्द्यावर होता, पण घरच्यांनी त्याला बढती कधी दिलीच नाही. तो आला, चपला काढल्या आणि बहिणीचा चेहरा पाहून चहा मागायचा विसरला. असं सहसा होत नसे.

दुकानाच्या मागच्या खोलीत, लाकडी घोडीवर, ती हवेची बंदूक होती. बंदूक म्हणायचं ते कौतुकानेच. एक लोखंडी टाकी, तिला जोडलेली लांब नळी, मध्ये झडप आणि टाकीवर घड्याळासारखी तबकडी. उभ्या पंपाने टाकीत हवा भरायची. झडप उघडली की नळीतून चिंध्यांचा गोळा सुटायचा. गोळे बापाने शिवलेले, सांधे लेकाने जोडलेले. सुट्टीच्या दिवशी दोघं बापलेक त्या खोलीत असे काही रमायचे की जेवायला बोलावून बोलावून बायकांचा घसा बसायचा. रस्त्यापलीकडच्या बंद गोदामाच्या छपरावर एक जुनी घंटा लोंबत होती. घरात बसून ती वाजवायची, एवढाच काय तो या उद्योगाचा हेतू.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी लेकाने टाकी पुरती भरली. काटा लाल खुणेला टेकला. ती खूण त्याने बायकोच्या नेलपॉलिशने केली होती आणि त्यापायी बोलणीही खाल्ली होती. नळीत गोळा बसवला, तेवढ्यात अंधार पडला. "उद्या सकाळी उडवू, बाबा," तो म्हणाला. सकाळी दूध आणायला गेला आणि वळणावर एका मालट्रकने त्याला चिरडलं.

त्यानंतर बंदुकीला कुणी हात लावला नाही. बाप रोज संध्याकाळी दुकान आवरून त्या तबकडीसमोर उभा राही. काटा लाल खुणेवर असे. मग तो हात धुऊन जेवायला बसे.

"त्याच्या हातची हवा होती ती," शिंपी आता म्हणाला. भिंतीकडे तोंड करून तो स्टुलावर बसला होता. "त्याचा शेवटचा दम. कुणीतरी सोडून दिली, फौजदार. आणि कुणी ते मला ठाऊक आहे."

२

फौजदाराने आयुष्यभर चोर, दरोडेखोर, खोट्या सह्या करणारे पाहिले होते. हवेची चोरी त्याच्या वाट्याला प्रथमच येत होती. दुसऱ्या कुणाकडे अशी तक्रार आली असती तर तो हसला असता. इथे हसू आलं नाही.

"कुणी, भावोजी?"

शिंप्याने कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे कपड्याच्या पुतळ्यावर एक निळा कोट चढवलेला होता. उत्तम कापड, नेटकी शिलाई आणि एकच बाही. दुसरी बाही मशीनवर तशीच पडली होती, तिच्यात सुई रुतलेली.

"सून," तो म्हणाला.

सून औषधांच्या दुकानात काम करत होती. वर्षभर तिने या दोघांना सांभाळलं. आता दुसऱ्या गावच्या एका भल्या माणसाने तिला मागणी घातली होती, आणि सगळ्यांत आधी होकार दिला होता तो सासऱ्यानेच. "जा पोरी, तुझं वय काय, आमचं काय," म्हणाला होता. त्या गावात थंडी फार, म्हणून स्वतःहून हा कोट शिवायला घेतला होता.

"मग बिनसलं कुठे?"

"सामान घेऊन मैत्रिणीकडे जायच्या दिवशी ती मागच्या खोलीत गेली होती. एकटी. दार लोटून. बाहेर आली तेव्हा डोळे लाल आणि हात काळे. तुमच्या बहिणीनेच पाहिलं. मी वर तापाने फणफणलो होतो. ताप उतरल्यावर खाली आलो तर काटा शून्यावर." तो थांबला. "नव्या घरी जाताना जुनं ओझं नको वाटलं असेल. मला सांगायचं होतं. मी नाही म्हटलं नसतं कदाचित. पण चोरून?"

"तिला विचारलंत?"

"विचारलं. तब्येत विचारायला आली तेव्हा. मान खाली घालून उभी राहिली. मी म्हटलं, पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस."

बहीण दारात उभी होती. तिने पदराचं टोक इतकं पिळलं होतं की त्याची दोरी झाली होती. "मैत्रिणीकडे राहिलीय," ती म्हणाली. "उद्या सकाळच्या गाडीने जाते. एकदा गेली की संपलंच. लेक गेला, आता लेकही जाते आहे, आणि तीही असा डाग घेऊन."

फौजदाराने बहिणीकडे पाहिलं. तिला अजून काहीतरी बोलायचं होतं. पण ती स्वयंपाकघरात निघून गेली.

३

मागच्या खोलीत तो एकटाच शिरला. जुन्या सवयीने हात आधी पाठीशी बांधले.

सगळीकडे वर्षाची धूळ होती. घोडीवर, खिडकीच्या कठड्यावर, चिंध्यांच्या गोळ्यांच्या टोपलीवर. नळीच्या तोंडातून त्याने आत पाहिलं. लेकाने बसवलेला गोळा अजून तिथेच होता, त्यावरही धुळीची साय. तबकडीची काच तेवढी लख्ख होती. ती शिंपी रोज फुंकर घालून स्वच्छ करत असणार. हात न लावता.

भिंतीला टेकून पंप उभा होता. फौजदार त्याच्यापुढे उकिडवा बसला. पंपावर धुळीचा कण नव्हता. त्याने दांडा थोडा वर ओढला. लोण्यातून सुरी जावी तसा तो सरकला. वास घेतला तर शिलाई मशीनच्या तेलाचा. तेलाची छोटी बाटलीही शेजारीच, कठड्यावर होती. बापलेकांपैकी सायकल होती ती लेकाची, आणि ती कधीच देऊन टाकली होती. मग या घरात पंपाला तेल कशासाठी लागत होतं?

टाकी आणि झडप जिथे जोडली होती, त्या सांध्यातून पांढऱ्या टेपची बारीक शेपटी लोंबत होती. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती टेप. लोंबता धागा पाहिला की कापल्याशिवाय फौजदाराला चैन पडत नसे. शिंप्याच्या घरात बहीण दिल्यावर मेहुण्यालाही तो रोग लागतोच. टेबलाच्या खणात कात्री मिळाली. त्याने शेपटी धरून कात्री चालवली. टेप कापलीच जाईना. पात्यांमध्ये नुसती दुमडायची. पुन्हा दाबली, पुन्हा दुमडली.

"शिंप्याच्या घरातली कात्री ही," तो पुटपुटला आणि तिला परत खणात टाकलं. धार मात्र अंगठ्यावर लावून पाहिली तेव्हा चांगली वाटली होती.

टेप कापली गेली नाही ते बरंच झालं, हे त्याला नंतर कळलं.

४

लेकाचा जिवलग मित्र कोपऱ्यावर गॅरेज चालवत होता. ती बंदूक गॅरेजच्या दर्शनी भागात ठेवावी, मित्राची आठवण म्हणून, असं त्याने एकदा शिंप्याला सुचवलं होतं आणि धक्के खाऊन बाहेर पडला होता. म्हणजे राग धरायला कारण होतं.

"राग कसला, मामा," तो हात पुसत म्हणाला. "चुकलंच माझं. पण हवा सोडायला मी जाईन? अहो, ती झडप उघडणं म्हणजे काय खेळ आहे? धाडदिशी उघडते. आम्ही पहिल्यांदा उघडली तेव्हा त्या ग्रंथपाल बाईंच्या चष्म्यावर गोळा जाऊन बसला होता. गल्ली गोळा झाली होती."

"आवाज न करता नाही उघडता येत?"

"नाही. आणि आत गोळा असला तर तो जाणारच. गोळा तिथं आहे का बघा आधी."

गोळा तिथे होता. धुळीसकट.

ग्रंथपाल बाई भिंतीला भिंत लागून राहत. उभा जन्म शांतता राखण्यात गेल्याने त्यांना लांबची कुजबुजही ऐकू यायची. त्या चष्म्याचा प्रसंग त्या विसरल्या नव्हत्या. तरी शिंप्याच्या लेकाचं नाव निघताच त्यांनी तोच चष्मा काढून पुसला.

"मी बोलणार नव्हते," त्या म्हणाल्या, आणि हे म्हणणाऱ्या माणसांप्रमाणेच भरभर बोलू लागल्या. "पण हवा सोडताना मी ऐकलंय. एकदा नाही, कितीदा तरी. सकाळी शिंपी फिरायला जातात ना, तेव्हा. फुस्स... फुस्स... फुस्स. थोडी थोडी करून सोडत असणार. मला वाटायचं कुणी झाडांवर औषध मारतंय."

"किती दिवसांपासून?"

"अहो, दिवस काय? वर्ष होत आलं. हल्लीच बंद झालंय ते. सून गेल्यापासून."

फौजदार उठता उठता पुन्हा खाली बसला. वर्षभर रोज सकाळी कुणी हवा सोडत होतं, आणि रोज संध्याकाळी काटा लाल खुणेवरच होता?

५

मैत्रिणीच्या खोलीत सामान बांधून झालं होतं. सून एका ट्रंकेवर बसली होती. फौजदाराला पाहताच उठली, पाया पडायला वाकली, मग आपल्याला हा हक्क उरला की नाही या विचाराने मध्येच थबकली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"ताप पुन्हा नाही ना आला बाबांना?" तिचा पहिला प्रश्न.

"नाही. डोक्यातला मात्र उतरला नाही." त्याने खुर्ची ओढली. "हे बघ, मी आता कुणाचा फौजदार नाही. खरं काय ते सांग आणि मोकळी हो."

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. "मीच सोडली म्हणा, मामा."

"म्हणा म्हणजे? सोडलीस की नाही?"

"सोडली."

"कशी?"

"कशी म्हणजे... झडप उघडली."

"आवाज झाला?"

"थोडासा."

फौजदाराने तिच्या हातांकडे पाहिलं. चेहरा खोटं बोलतो, हात बोलत नाहीत, असं तो नव्या पोरांना शिकवायचा. औषधांच्या पुड्या बांधणाऱ्या त्या नाजूक हातांच्या तळव्यांवर, बोटांच्या मुळाशी, घट्टे होते. दोन्ही हातांवर, सारखेच. त्याची नजर लक्षात येताच तिने मुठी मिटल्या.

"बाबा म्हणतात ते मान्य आहे मला," ती घाईने म्हणाली. "त्यांना रागावायला कुणीतरी हवं ना? माझ्यावर रागावू देत. मी लांब जाणारच आहे. तुम्ही या भानगडीत पडू नका, मामा. तुमच्या पाया पडते."

तो जिना उतरला. झडप उघडली असती तर गोळा उडाला असता. पोरगी खोटं बोलत होती, आणि तेही स्वतःच्या विरुद्ध. आजवरच्या नोकरीत असा गुन्हेगार त्याला भेटला नव्हता.

६

शिंपी अंघोळीला गेलेला पाहून फौजदाराने एक वाटीभर साबणाचा फेस केला आणि मागच्या खोलीचं दार लोटलं. आपण करतोय ते त्या माणसाला कळलं तर तो आपलं तोंड पाहणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण सकाळची गाडी कुणासाठी थांबणार नव्हती.

त्याने पंप टाकीला जोडला आणि दांडा दाबला. फुस्स. पुन्हा. फुस्स. तबकडीवरचा काटा झोपेतून उठल्यासारखा हलला. तो घामाघूम झाला, दम लागला, काटा अजून लाल खुणेच्या बराच खाली होता. फुस्स... फुस्स...

"सापडला!" खिडकीबाहेरून ग्रंथपाल बाई ओरडल्या. "हाच तो आवाज! कोण आहे तिकडे? कोण हवा सोडतंय?"

फौजदाराने दांडा सोडला. "सोडत नाहीये, बाई," तो धापा टाकत म्हणाला. "भरतोय."

बाई गप्प झाल्या. त्यांच्या आयुष्यातली ती बहुधा पहिलीच वेळ.

मग त्याने सांध्यावर फेस चोपडला आणि वाट पाहिली. पांढऱ्या शेपटीच्या मुळाशी एक बारीक बुडबुडा फुगला, फुटला. दुसरा फुगला. नुसत्या कानाने काही ऐकू आलं नसतं. टाकी अगदी सावकाश, कुणाच्या नकळत रिकामी होत होती.

तो वाकून टेपकडे पाहत राहिला आणि त्याला स्वतःच्या स्वयंपाकघरातला पूर आठवला. निवृत्तीनंतर त्याने हौसेने नळ बसवला होता आणि आट्यांवर टेप उलट्या बाजूने गुंडाळली होती. नळ आवळला तशी टेप आत घट्ट बसायच्या ऐवजी सुटून गोळा होत बाहेर आली. अशीच शेपटी लोंबली होती. बायको अजून पाहुण्यांना ती गोष्ट सांगते.

ही टेपही उलटी गुंडाळलेली होती. पण लेक काही त्याच्यासारखा अडाणी नव्हता. मग हात उलटा का गेला?

फौजदाराने खण उघडला. ती कात्री पुन्हा काढली आणि या वेळी डाव्या हातात धरली. एक चिंधी घेऊन कातरली. कात्री लोण्यासारखी चालली.

डावखुऱ्याची कात्री होती ती. पोर लहान असताना बापाच्या कात्रीने त्याला कापता येत नसे, हुंदके देत बसायचा. मग बापाने कुठून कुठून शोधून ही आणली होती. फौजदाराला सगळं आठवलं, आणि तो खाली फरशीवरच बसला.

७

बहीण भाजी चिरत होती. त्याने दार लावून घेतलं.

"ताई, टाकी पहिल्यापासून गळतेय. पोराने टेप डाव्या हाताने उलटी गुंडाळली. त्याने भरलेली हवा तो गेल्यावर चार दिवसही टिकली नसेल. वर्षभर काटा उभा होता तो कुणीतरी रोज सकाळी पंप मारत होतं म्हणून. सून मारत होती. जायच्या दिवशीही तिने हवा सोडली नाही, शेवटची भरली. म्हणून हात काळे झाले. मग भावोजी तापात पडून राहिले, भरणारं कुणी नव्हतं, आणि काटा आपसूक खाली आला. ती गप्प का, तेही कळलं. मी भरत होते म्हटलं की भावोजी विचारणार, कधीपासून?"

विळी थांबली. बहिणीने वर पाहिलं नाही.

"तुला नवल वाटलं नाही," फौजदार हळू आवाजात म्हणाला.

"तेल मी ठेवत होते," ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी बादली आपटली.

"पहिल्याच आठवड्यात मला दिसली ती, पंपाशी झटताना. दांडा कुरकुरत होता. हे तेव्हा अन्नाला शिवत नव्हते. फक्त काटा बघितला की दोन घास जायचे. दुसऱ्या दिवशी मी मशीनच्या तेलाची बाटली तिथे ठेवली. संपली की दुसरी ठेवायची. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही." तिने विळी आडवी केली. "ती गेल्यावर मी मारून पाहिला पंप. माझ्याने दांडा खाली जाईना रे. खांदाच साथ देईना."

"मग भावोजींनी तिला बोल लावला तेव्हा तरी बोलायचंस."

"काय बोलू? तुमचा लेक वर्षापूर्वीच त्या टाकीतून गेला, असं? मी त्याची आई आहे. माझ्या तोंडून निघेना ते. म्हणून तर तुला बोलावलं. तू सांग. तुझं कामच ते होतं ना, घरोघरी जाऊन सांगायचं."

खरं होतं. त्याने कित्येक दारांवर उभं राहून ते सांगितलं होतं. पण एकाच माणसाच्या मरणाची बातमी एकाच बापाला दुसऱ्यांदा द्यायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. न सांगावं तर एक पोरगी उद्या डाग घेऊन गाडीत बसणार होती. मग त्याने सदऱ्याची बटणं नीट लावली, पूर्वी अशा वेळी लावायचा तशी, आणि दुकानात गेला.

८

शिंप्याने सगळं ऐकून घेतलं. फौजदार पंपापासून सुरू झाला, गोळ्यावरची धूळ, बाईंचा फुस्स आवाज, सुनेचे घट्टे, एकेक सांगत टेपेपाशी आला आणि थांबला.

"म्हणजे वर्षभर," शिंपी शेवटी म्हणाला, "मी रिकाम्या टाकीशी बोलत होतो."

"रिकामी नव्हती, भावोजी. ती रोज भरत होती."

शिंपी उठला. धडपडत मागच्या खोलीत गेला. फौजदार मागोमाग गेला, पण उंबऱ्यावरच थांबला. म्हाताऱ्याने डोळ्यांवर कामाचा चष्मा चढवला, सांध्याजवळ वाकला आणि ती पांढरी शेपटी दोन बोटांत धरली. वर्षभरात पहिल्यांदा त्याने त्या बंदुकीला हात लावला. कपडा हातात घेऊन तो टाका कुणाचा ते सांगणारा माणूस होता. कारागिरांची शिवण तो अंधारातही ओळखायचा.

"डाव्या हाताचीच आहे," तो म्हणाला. "बघा, कशी खालून वर आणलीय. काज शिवायला शिकवलं तेव्हाही असाच उलटा जायचा. किती ओरडलो मी त्याला. हात बांधून ठेवीन म्हणायचो." आणि तो रडू लागला. वर्षभरात कुणी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. बहीण धावत आली, पण फौजदाराने तिला खुणेनेच थोपवलं.

रडून झाल्यावर शिंप्याने तोंड पुसलं. हवा गेली होती. त्याच्या हातची ही शेपटी अजून होती.

"हिला कुणी कापायचं नाही," तो म्हणाला. "आणि टाकीही आता भरायची नाही."

मग तो चपला घालून बाहेर पडला. कोट त्याने खांद्यावर टाकला, सुटी बाही, सुई-दोरा आणि खणातली कात्री पिशवीत.

सुनेने दार उघडलं आणि दाराला धरूनच उभी राहिली. फौजदार मागे जिन्यावर भिंतीकडे पाहत उभा होता. माफी मागायचे शब्द म्हाताऱ्याला येत नव्हते. आयुष्यात कधी लागले नव्हते.

"काटा त्या खुणेपर्यंत आणायचा म्हणजे," तो म्हणाला, "दम लागत असेल ना ग तुला?"

तिचा चेहरा एकदम चुरगळला. "सवय झाली होती, बाबा."

"रोज?"

"तुम्ही जेवायचात ना, त्यावर."

त्याने तिचे हात हातात घेतले, उलटे केले आणि तळव्यांवरून अंगठा फिरवला. कापडाचा पोत पाहावा तसा. ती हुंदके देत होती आणि तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "चुकलो पोरी. चुकलो मी. उंबरा तुझाच आहे. कधीही ये. दोघं मिळून या."

मग तो ट्रंकेवर बसला आणि कोटाची दुसरी बाही लावू लागला. मशीन नव्हतं, हातशिवण होती. नजर अंधूक झाल्याने टाके थोडे वाकडे जात होते आणि त्याला ते दिसत होते. त्याने ते उसवले नाहीत. सून समोर जमिनीवर बसून पाहत राहिली. फौजदाराने खालच्या टपरीवरून चहा आणला. तो निवला तरी कुणी घेतला नाही.

बाही पुरी झाली. शिंप्याने गाठ मारली आणि पिशवीतली कात्री काढली. उजव्या हातात धरली, मग थबकला, आणि डाव्या हातात घेतली. त्या हाताला काम ठाऊक नव्हतं. बोटं अडखळली, पातं एकदा हुकलं.

"द्या बाबा, मी कापते," सून म्हणाली.

"थांब," तो म्हणाला. "जमेल मला."

आणि डाव्या हाताने, हळूहळू, त्याने तो दोरा कापला.